प्रस्तावना : सिंधुदुर्ग, जालन्याचा जुळा भाऊ

१ मे १९८१ रोजी महाराष्ट्राच्या नकाशात दोन जिल्ह्यांची भर पडली. औरंगाबाद आणि परभणीतले तालुके काढून जालना झाला आणि रत्नागिरीचा दक्षिणेकडचा भाग वेगळा करून सिंधुदुर्ग. आमचा परतूर तालुका तोवर परभणीत होता, त्यामुळे वाटूरच्या माणसाला कलेक्टर कचेरीच्या कामासाठी परभणीची वाट धरावी लागे. तिकडे वेंगुर्ल्याचा माणूस रत्नागिरीला खेटे घालत असे. आज दोन्हीकडे आठ-आठ तालुके आहेत. एवढे सोडले तर या जुळ्या भावांत फारसे काही सारखे नाही. २०११ च्या जनगणनेत जालन्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली. सिंधुदुर्गाची भरली ८ लाख ४९ हजार, आणि तीही आधीच्या जनगणनेपेक्षा कमी. दर हजार पुरुषांमागे तिकडे १,०३६ बायका, आपल्याकडे ९३७. समुद्र, आंबा, काजू, लोखंड, मासळी, धो धो पाऊस, सगळे असलेल्या जिल्ह्यातून माणूस मात्र बाहेर पडतो आहे, हे या आकड्यांवरून उघड दिसते. असे का होते, हा प्रश्न मनात धरून हे पुस्तक वाचावे, असे मला वाटते.

किनाऱ्यावरचे पुस्तक आणि प्रस्तावना वाटूरच्या माणसाची, हे थोडे विचित्र वाटेल. लेखकालाही मी हेच म्हटले होते. पण कोकणावर लिहिणारे बहुधा दोन प्रकारचे. एक तिथेच जन्मलेले. त्यांचा जीव माडाच्या सावलीत अडकलेला असतो. दुसरे तीन दिवसांच्या सहलीला जाऊन येतात आणि सोलकढीच्या चवीवर चार पाने लिहितात. घाटावरच्या, त्यातही मराठवाड्यातल्या, माणसाने किनाऱ्याकडे जबाबदारीने पाहिल्याची उदाहरणे कमी. आम्हाला समुद्र भेटतो तो बहुतेक मुंबईत, तोही चौपाटीवर भेळ खाताना. पण जरा मागे जाऊन पाहिले तर किनाऱ्याची गोष्ट घाटमाथ्याशिवाय सांगताच येत नाही.

सुरुवात दगडापासून करू. वाटूरच्या विहिरीत काळा कातळ लागतो तो लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्याच थरांची पश्चिमेकडची कड म्हणजे सह्याद्री, आणि देवगड-विजयदुर्गाच्या कड्यांवर लाटा आपटतात तोही हाच खडक. फरक पुढे पडला. आपल्याकडे कमी पावसात त्याची झीज होऊन काळी माती झाली, कोकणात मुसळधार पावसाने त्यातली क्षारद्रव्ये धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरून तांबडा जांभा तयार झाला. देवगडहून दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याकडे जावे तसा लाव्हाचा थर संपतो आणि खालचा, कितीतरी जुना खडक उघडा पडतो. रेडीचे लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू, कणकवलीच्या बाजूचे क्रोमाइट ही सगळी या जुन्या खडकांची देणगी. एकाच जिल्ह्यात पृथ्वीच्या इतिहासाची इतकी पाने महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उलगडतात. लेखकाने या प्रकरणावर मेहनत घेतली आहे आणि ते कंटाळवाणे होऊ दिलेले नाही, याची नोंद केली पाहिजे.

जांभ्याविषयी थोडे जास्त सांगतो, कारण आमच्याकडच्या गवंड्याला त्याची गंमत वाटेल. खाणीतून नुकताच निघालेला जांभा मऊ असतो, हत्याराने कापता येतो. वारा लागला की हळूहळू कडक होत जातो. म्हणून चिरे खाणीतच मापात कापायचे, सुकू द्यायचे, मग भिंतीला लावायचे. पूर्वी हे काम हातकुऱ्हाडीने होई. आता चिरेखाणीत फिरत्या पात्याचे यंत्र आधी उभ्या-आडव्या रेघा मारते आणि मग पायथ्यातून चिरा सोडवते. खाणीचा चौकोनी खड्डा सरळ कडांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो, आणि गणपती संपून महिना-दोन महिने गेले की त्यात पाणी उरत नाही. जांभा सच्छिद्र आहे. वर पडलेले पाणी त्यातून खाली जाते आणि उतारावरून समुद्राची वाट धरते.

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिंधुदुर्गात तो ३,००० च्या पुढे जातो, आंबोलीत ७,००० च्या घरात. तरीही एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या कित्येक वाड्यांवर विहिरींचा तळ दिसतो आणि बायका हंडे घेऊन लांबवर जातात. टँकरची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या भागातल्या माणसाला हे खरे वाटत नाही. आपल्या काळ्या मातीत ऑक्टोबरची ओल धरून ठेवून रब्बीची ज्वारी निघते. तिकडे चौपट-पाचपट पाऊस पडूनही भात काढल्यावर बरीच शेते पडून राहतात. नद्या आखूड. वाघोटण, आचरा, गड, कर्ली, तेरेखोल, सगळ्या सह्याद्रीत उगम पावून थोड्या अंतरात खाडीला मिळणाऱ्या. पावसाचे पाणी फार वेळ न रेंगाळता समुद्रात जाते. या उतारावर पाणी अडवणे हे किती खर्चिक आणि किती वादाचे काम आहे, हे गोव्याबरोबरच्या तिलारी प्रकल्पाच्या लांबलेल्या कहाणीत वाचायला मिळेल.

पाण्याचीच आणखी एक गंमत. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण ती त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते आणि वाटेत परतूर तालुक्याची दक्षिण शीव धरून पुढे सरकते. आंबोलीची हिरण्यकेशी तशीच. स्वच्छ हवेत आंबोलीच्या घाटमाथ्यावरून समुद्र दिसतो, तरी ही नदी पूर्वेला वळून घटप्रभेमार्गे कृष्णेत जाते. २०२० साली तिच्या उगमाजवळच्या कुंडात माशाची नवी जात सापडली, तिला शास्त्रज्ञांनी ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले, आणि पुढच्या वर्षी ते ठिकाण जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले. सह्याद्रीची कड ही अशी पाणी वाटून देणारी आहे, आणि वाटणीत मोठा वाटा पूर्वेला आला आहे.

इतिहासाचे प्रकरण लेखकाने शिवकाळापासून सुरू न करता कातळशिल्पांपासून सुरू केले, हे फार बरे केले. जांभ्याच्या उघड्या सड्यांवर कोणी, कधी, कशासाठी माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती खोदल्या, यावर अजून अभ्यास चालू आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची शिल्पे कोकणातल्या इतर ठिकाणांसह २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ज्या सड्यांना महसुली कागदात पडीक म्हटले, ज्यांवर चिरेखाणी आणि कारखाने यायचे होते, तिथे हा ठेवा निघाला.

पुढच्या काळासाठी मराठवाड्याच्या वाचकाला भोकरदनकडे न्यायला मला आवडेल. आपल्या जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. १९७० च्या दशकात तिथल्या उत्खननात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य पाहून अभ्यासक चकित झाले होते. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडले गेले ते इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्या काळी गोदावरीच्या खोऱ्यातली कारागिरी आणि भूमध्य समुद्र यांच्यात बंदरांचा दुवा होता. पेरिप्लस या ग्रीक खलाशी-ग्रंथात पैठण आणि तेर इथला माल गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. किनाऱ्यावरची बंदरे पठारावरच्या कापसा-कापडावर जगत होती, आणि घाट हे त्यांचे दरवाजे होते. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख अशाच एका वाटेवर कोरलेला आहे. फोंडा, करूळ, आंबोली हे घाट दक्षिणेकडे तीच कामगिरी करीत आले.

शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. पोर्तुगीज परवाना देत आणि परवान्याशिवाय जहाज दिसले की पकडत. जंजिऱ्याचा सिद्दी वेगळाच. जमिनीवर राज्य आहे आणि दारापुढचे पाणी दुसऱ्याच्या ताब्यात, असे किती दिवस चालणार? २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली पायात शिसे ओतून तट उचलला गेला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. महाद्वार असे वळवून लपवले आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत ते नजरेस पडत नाही. पण मला विचाराल तर किल्ल्याचे खरे वैभव आत आहे: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चारही बाजूंनी खारे पाणी, आणि मध्ये पिण्याजोगे. पावसाचे पाणी बेटाच्या खडकात मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने वर राहते. बेताने उपसले तरच ते गोडे राहते, हावरेपणाने उपसले की खालचे खारे वर येते. तीनशे साठ वर्षे या विहिरी टिकल्या त्या या बेतामुळे.

महाराजांनी उभारलेल्या आरमाराचा शेवट मात्र आपल्याच हातांनी झाला. आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याशी वैर धरून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. आंग्र्यांची गलबते बंदरातच जळाली. मराठ्यांच्या इतिहासात पानिपतावर जितके अश्रू ढाळले गेले त्याच्या दशांशही या घटनेवर ढाळले गेले नाहीत. माझ्या मते हे उलट असायला हवे होते. पानिपतानंतर दहा-बारा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत गेले. समुद्रावर ते पुन्हा कधीच उभे राहिले नाहीत. १८१२ साली मालवण आणि वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. त्याआधी वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष आजही पाहायला मिळतात. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपला मुलूख निजामाच्या राजवटीतून सुटला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. शिशाच्या पायावरचा तट समोर उभा आहे, यापलीकडे त्यावर मी काही बोलत नाही.

आता निसर्गसंपत्ती. देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, कोकम, सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे; आपल्या जालन्याच्या मोसंबीलाही आहे. मानांकन मिळाले म्हणून शेतकऱ्याला भाव मिळतो असे नाही, हे दोघांनाही ठाऊक. दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणे हा जुना धंदा आहे; त्यावर उपाय म्हणून आता एकेका फळावर ओळखक्रमांकाचे स्टिकर लावण्याची वेळ आली आहे. बदलत्या हवामानाने मोहोर पुढे-मागे होतो, अवकाळी पावसात गळतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा हंगामातला आंबा झाडाखाली सडला. गारपिटीने मोसंबीच्या बागा झोडपलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

खनिजांचे प्रकरण वाचताना मन अस्वस्थ होते. रेडीतून वर्षानुवर्षे लोहखनिज जहाजाने गेले. खाणी पुढे सह्याद्रीच्या पायथ्याच्या कळणे यासारख्या गावांत सरकल्या, तेव्हा लोक उभे राहिले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली दिलेल्या अहवालात या जिल्ह्यातल्या खाणींवर विस्ताराने लिहिले आहे. तो अहवाल किती वाचला गेला आणि किती शिव्या खाण्यापुरता वापरला गेला, हा वेगळाच विषय. पण डोंगर फोडला की त्याखालचे झरे बंद होतात, हे सांगायला अहवालाची गरज नव्हती. झऱ्याच्या पाटाच्या पाण्यावर सुपारीबाग जगवणारा शेतकरी हे पहिल्याच उन्हाळ्यात ओळखतो.

मासेमारीवरचे प्रकरण पुस्तकातले सर्वोत्तम आहे. रापण कशी ओढतात ते लेखकाने वाळूत उभे राहून पाहिलेले आहे. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडत लांबवर वळते आणि दुसरे टोक घेऊन परतते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात. म्हातारे, पोरे, बायका, कोणीही दोराला हात लावतो. रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात, जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात येते तशी बांगडे, तारल्या उसळू लागतात, वर पक्ष्यांचा कालवा. मग वाटे पडतात. जाळे पूर्वी एकाच्या मालकीचे नसे, घराघराने आपापला तुकडा जोडलेला असे. म्हणून तुकड्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोर ओढणाऱ्याचा वाटा. खळ्यावर बलुतेदाराला मिळणाऱ्या सुगीतल्या वाट्याशी हे इतके जुळते की आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते लगेच समजेल.

या व्यवस्थेला धक्का दिला पर्ससीन जाळ्यांनी. खोल समुद्रात थव्याला गोल घेरून तळ आवळून घेणारे हे जाळे एका फेरीत टनावारी मासळी काढते. किनाऱ्याकडे यायचा बांगडा वाटेतच संपतो. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने त्यावर निर्बंध आले, प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. बंदी कागदावर, दिवे समुद्रात, ही तक्रार मालवणच्या मच्छीमारांच्या तोंडी आजही आहे. आणि इथे एक गुंता आहे, जो लेखकाने लपवलेला नाही. १९८७ साली मालवणच्या समुद्रात २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, कारण तिथे प्रवाळ आहेत, आणि प्रवाळात माशांची पैदास होते. याच पारंपरिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. निसर्ग वाचवायचा म्हणून सरकार आले की आधी आपलीच होडी अडवली जाईल, अशी त्यांना भीती होती, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. त्याच प्रवाळांवर आज स्कूबाचा धंदा उभा आहे, आणि मासेमारी सोडून त्यात गेलेली कितीतरी तरुण पोरे आहेत.

पर्यटनावरचे प्रकरण मला तोकडे वाटले, हेही सांगून टाकतो. १९९७ साली हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. तरीही २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या घटलेली दिसली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीला विमानतळही सुरू झाला. रस्ता, रेल्वे, विमान आले की माणूस थांबतो, हा आपला भाबडा समज आहे. रस्ता जायलाही तितकाच सोपा असतो. सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावे, निम्मे वारस मुंबईत, एकाच्या सहीवाचून काजूची रोपेही लावता येत नाहीत. आंबोली-चौकुळ-गेळे भागात तर कबुलायतदार गावकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पिढ्यान्पिढ्या रेंगाळत राहिला. संपत्ती आहे, पण तिच्यावर बोट ठेवून ‘ही माझी’ म्हणता येत नाही, ही या जिल्ह्याची खरी अडचण, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. लेखक घाटातल्या वळणांसारखे या मुद्द्याजवळ येतात आणि पुन्हा निघून जातात. पुढच्या आवृत्तीत त्यांनी यावर स्वतंत्र प्रकरण लिहावे.

वाटूरचा वाचक विचारेल, याच्याशी आमचा काय संबंध? जालन्याच्या पोलादी भट्ट्यांना भंगार लागते, बियाणे आणि कापूस बाहेर जातो, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जालन्यात ‘ड्रायपोर्ट’ची पायाभरणी २०१५ च्या डिसेंबरात झाली. समृद्धी महामार्ग जालन्यातून मुंबईच्या दारापर्यंत पोहोचला आहे. पालघर किनाऱ्यावर वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले, आणि तिथले मच्छीमार त्याविरुद्ध लढत आहेत. आमच्या मालासाठी जे बंदर बांधले जाते, ते कोणाच्या तरी जाळ्याच्या जागेवर उभे राहते. तेव्हा किनारा कोणाचा, या वादात आम्ही तिऱ्हाईत नाही.

पुस्तक वाचताना शेजारी नकाशा ठेवावा. गावांची नावे भराभर येतात. आणि हे वाचून मालवणला जायचे ठरवलेत, तर तीन गोष्टी करा. किल्ल्यात गेल्यावर विहिरींपाशी थांबा, कुडोपीचा सडा चुकवू नका, आणि तारकर्लीला रापण ओढली जात असेल तर नुसते फोटो न काढता दोराला हात लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत गेलात तर ताज्या सुरमईसाठी खानावळवाल्याशी हुज्जत घालू नका.